बहुमजली इमारतीतील फीडर केबल : जबाबदारी कोणाची, नियम कोणते?

लोणावळा (प्रतिनिधी) : तळेगाव दाभाडे, वडगाव, कामशेत ते लोणावळा या पट्ट्यात गेल्या दोन दशकांत सदनिकांच्या अनेक इमारती उभ्या राहिल्या. सदनिका घेताना ग्राहक दिवे, पंखे व स्विच कोणत्या कंपनीचे आहेत हे पाहतो. रोहित्रापासून मीटर रूमपर्यंत आणि तेथून प्रत्येक मजल्यावर वीज नेणारी फीडर केबल मात्र सहसा त्याच्या दृष्टीस पडत नाही. या केबलवर अनेक घरांचा भार असतो. त्यामुळे तीत बिघाड झाल्यास धोका एका घरापुरता मर्यादित राहत नाही.

जबाबदारीची सीमारेषा

महावितरणच्या ताब्यातील वाहिनी, कटआउट व मीटर सुस्थितीत ठेवणे ही कंपनीची जबाबदारी आहे. त्यापुढील वीजसंच मांडणी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी ग्राहकावर येते. मीटर रूममधून वर जाणाऱ्या केबल, जिन्यातील दिवे, उद्वाहन व पाण्याचे पंप या सामाईक बाबींची देखभाल गृहनिर्माण संस्थेने करावयाची असते. केबल जळाल्यावर संस्था कंपनीकडे व कंपनी संस्थेकडे बोट दाखवते, असे प्रसंग टाळण्यासाठी ही सीमारेषा सभासदांना आधीच ठाऊक असणे इष्ट आहे.

पंधरा मीटरची अट

वीज कायदा २००३ च्या कलम ५३ अन्वये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षाविषयक विनियम लागू केले. त्यांची जागा २०२३ च्या विनियमांनी घेतली. पंधरा मीटरपेक्षा उंच इमारतींसाठी स्वतंत्र तरतूद १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासूनच चालत आली आहे. वाहनतळावर पाच मजले असलेली इमारतही साधारणपणे या मर्यादेच्या पुढे जाते.

अशा इमारतीत वीज जेथे प्रवेश करते तेथे सर्व फेज एकदम तोडणारे उपकरण सहज दिसेल अशा जागी बसविणे बंधनकारक आहे. २०१० च्या विनियमांनी त्याची उंची जमिनीपासून १.७० मीटरपेक्षा जास्त नसावी, असे ठरवून दिले. आगीच्या वेळी शिडी न शोधता संपूर्ण इमारतीचा पुरवठा बंद करता यावा, हा त्यामागील हेतू. या उपकरणासमोर दुचाकी किंवा भंगार ठेवल्यास तो हेतूच विफल होतो.

वीजवाहिन्यांच्या डक्टमधून पाण्याचे, गॅसचे वा अन्य सेवांचे नळ नेण्यास मनाई आहे. तसेच डक्ट जेथे मजल्याचा स्लॅब ओलांडतो, तेथे प्रत्येक ठिकाणी अग्निरोधक अडथळा आवश्यक आहे. तो नसल्यास डक्ट धुराड्यासारखा काम करतो आणि तळमजल्यावरील धूर अल्पावधीत वरच्या मजल्यांवर पोहोचतो. याच कारणाने ज्वालारोधी व कमी धूर सोडणाऱ्या केबलचा आग्रह धरला जातो. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार अग्निशमन पंप, उद्वाहन व जिन्यातील दिवे यांचे मंडल मुख्य पॅनेलपासूनच स्वतंत्र असावे लागते.

भाराचे गणित

समजा, इमारतीत २४ सदनिका आहेत आणि प्रत्येकीचा जोडलेला भार ५ किलोवॅट आहे. एकूण भार १२० किलोवॅट होतो. ४१५ व्होल्ट व ०.९ पॉवर फॅक्टर धरल्यास प्रत्येक फेजमधून सुमारे १८५ अँपिअर प्रवाह वाहतो. सर्व घरांत सर्व उपकरणे एकाच वेळी चालत नाहीत, म्हणून अभियंते यात सूट गृहीत धरतात. निम्मा भार धरल्यास हा प्रवाह सुमारे ९३ अँपिअरवर येतो.

ही सूट लोणावळ्यात जपूनच घ्यावी लागते. सुट्टीपुरती वापरली जाणारी घरे आठवडाभर बंद असतात. शनिवारी-रविवारी मात्र बहुतेक सदनिकांत गीझर व अन्य उपकरणे एकाच वेळी सुरू होतात. त्यात वाहनतळावर विजेवर चालणाऱ्या मोटारींसाठी ३.३ किलोवॅटचे आठ चार्जर बसविले, तर आणखी २६.४ किलोवॅट भार वाढतो. असा भार जोडण्यापूर्वी फीडर केबलची क्षमता परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून तपासून घेणे आवश्यक ठरते.

केबलची क्षमता केवळ जाडीवर ठरत नाही. पीव्हीसी आवरणाच्या केबलमधील वाहक सर्वसाधारणपणे ७० अंश सेल्सिअसपर्यंत, तर एक्सएलपीई केबलमधील ९० अंशांपर्यंत तापू देता येतो. एकाच ट्रेवर अनेक केबल खेटून टाकल्यास उष्णता बाहेर पडत नाही आणि क्षमता घटते. केबल जुनीच ठेवून सतत पडणारा ब्रेकर बदलणे व त्याजागी मोठा बसविणे हा म्हणूनच सर्वांत धोकादायक उपाय होय. ब्रेकर केबलचे रक्षण करतो. तो केबलच्या क्षमतेपेक्षा मोठा असता कामा नये.

पाऊस आणि सांधे

लोणावळ्यात वर्षाकाठी सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. गच्चीवरून डक्टमध्ये झिरपणारे पाणी, ओल धरणारी मीटर रूम आणि गंजलेले सांधे हे येथील नेहमीचे दुखणे आहे. ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या पट्टीला थेट जोडल्यास ओलाव्यात सांधा झिजतो, रोध वाढतो व तो तापू लागतो. अशा जागी द्विधातू लग वापरावे लागतात. केबल पेटीत शिरते तेथे ग्लँड घट्ट असावी आणि शक्यतो केबल खालून आत घ्यावी.

तपासणी

विनियमांनुसार वीजसंच मांडणीची नियतकालिक तपासणी जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने व्हावयास हवी. कमी दाबाच्या मांडणीस ५०० व्होल्टचा मेगर लावून मोजलेला विसंवाहक रोध किमान १ मेगओहम असावा लागतो. ज्या इमारतींना महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ लागू आहे, त्यांना अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावे लागते.

बांधकाम व्यावसायिकाकडून इमारत ताब्यात घेताना संस्थेने केबलचा आराखडा, चाचणी अहवाल, अर्थिंगच्या नोंदी आणि आवश्यक असेल तेथे विद्युत निरीक्षकांची मंजुरी मागून घ्यावी. जुन्या संस्थांनी पावसाळ्यापूर्वी डक्टचे दरवाजे उघडून स्लॅबजवळचे अडथळे, ओल व काळवंडलेले सांधे पाहावेत. सांध्यांचे काम पुरवठा बंद करून परवानाधारकाकडूनच करून घ्यावे.