शब्दवेध : येकेघेत्सी

आर्मेनियन भाषेत चर्चला 'येकेघेत्सी' म्हणतात, आणि हा शब्द ज्या ग्रीक 'एक्लेसिया'पासून निघाला, त्याचा मूळ अर्थ वास्तू नव्हे, तर अथेन्सच्या नागरिकांची पाचारून भरविलेली सभा असा होता. तोच शब्द लॅटिन-पोर्तुगीज मार्गाने गोमंतकात 'इगर्ज' होऊन रुजला, ही सोयरीक मला फार मोलाची वाटते. आर्मेनियनांनी मात्र तो मूळ अर्थ आचरणात राखला: स्वराज्य शतकानुशतके नव्हते, १९१५ च्या भीषण संहाराने लक्षावधी माणसे मारली गेली व उरलेली परागंदा झाली, तरी बैरूतपासून बोस्टनपर्यंत जेथे जेथे त्यांनी बिऱ्हाड थाटले, तेथे जन्म-विवाहांचे दप्तर चर्चनेच सांभाळले, मेस्रोप माश्तोत्सने ४०५ च्या सुमारास सिद्ध केलेली लिपी मुलांनी चर्चच्याच आश्रयाने गिरविली, ऑगस्टात मेरीमातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला आशीर्वादित द्राक्षे सर्वांना वाटली गेली, आणि 'माताघ' या दानविधीचे मांसान्न गोरगरिबांच्या मुखी पडले. अशा समाजाला सभा हेच नाव शोभते. भारतातही त्यांच्या अशा सभा उभ्या राहिल्या: कलकत्त्याचे त्यांचे नाझरेथ चर्च १७२४ चे. मुंबईच्या कोटातील सेंट पीटर्स १७९६ मध्ये स्थापन झाले.