मुलांच्या उंचीचे घर

मुलांची खोली कशी सजवावी आणि लहान मुलांना घरी शिकण्यास हातभार कसा लावावा, हा विषय वरवर पाहता अगदी घरगुती वाटतो. त्यात इतिहास तो कसला, असेही कोणाच्या मनात येईल. परंतु घरातील बुटके कपाट, हलकी खुर्ची, मुलाच्या नजरेसमोर टांगलेले चित्र या साध्या वस्तूंमागे शतकाहून अधिक काळाचा विचार आणि कित्येकांचे कष्ट आहेत. त्या इतिहासाकडे मी वळलो तो एका लहानशा प्रसंगामुळे. तो आधी सांगतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातील एका मुलाच्या घरी जाण्याचा योग आला. आमच्या बेळगावातच नवे बांधलेले घर. सोप्यात चहा झाल्यावर त्याचे वडील मोठ्या हौसेने म्हणाले, ‘‘सर, आमच्या बाळूची खोली पाहा.’’ खोली खरोखरच देखणी होती. भिंतीवर हत्ती, ढग आणि इंद्रधनुष्य रंगविलेले, पलंग मोटारीच्या आकाराचा, छताला चमकणाऱ्या चांदण्या. मी मुलाला म्हटले, ‘‘तुझे चित्रांचे पुस्तक दाखव बघू.’’ मुलगा मान वर करून पाहू लागला. पुस्तके सर्वांत वरच्या फळीवर होती. वडील खुर्चीवर चढले, पुस्तक काढून माझ्या हाती देत म्हणाले, ‘‘खाली ठेवले की फाडतो, सर. म्हणून वर ठेवतो.’’

त्यावर चार शब्द सांगावेत असे माझ्या ओठांवर आले होते. पण मी गप्प बसलो. कारण माझ्या वर्गातही एक कपाट आहे. त्यात रंगीत खडू, ठोकळे, चित्रांच्या पाट्या अशी पुष्कळ साधने आहेत. त्याला कुलूप असते आणि त्याची किल्ली माझ्या खिशात असते. मग मी त्या सद्गृहस्थांना काय म्हणून उपदेश करावा?

त्या रात्री मला रोममधील एका दुसऱ्या कपाटाची आठवण झाली.

रोम शहरात सान लोरेन्झो नावाची वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे घरबांधणीचा मोठा सट्टा झाला, तो कोसळला, आणि अर्धवट राहिलेल्या इमारतींत गरीब कामकरी कुटुंबे दाटीवाटीने राहू लागली. पुढे एका घरबांधणी संस्थेने त्यांतील अनेक इमारती विकत घेऊन दुरुस्त केल्या. घरे नीटनेटकी झाली. पण आईबाप दिवसभर कामावर गेले की शाळेच्या वयाची न झालेली मुले जिने आणि भिंती खराब करीत. संस्थेचे प्रमुख एदोआर्दो तालामो यांनी हिशेब केला. भिंतींच्या दुरुस्तीवर होणारा खर्चच या मुलांना एका खोलीत सांभाळण्यावर केला, तर काय वाईट? या कामासाठी त्यांनी मारिया माँटेसरी यांना बोलाविले.

माँटेसरीबाई मूळच्या डॉक्टर. १८९६ साली रोमच्या विद्यापीठातून त्यांनी वैद्यकीची पदवी घेतली होती. मंदबुद्धी म्हणून टाकून दिलेल्या मुलांना त्यांनी लिहावाचावयास शिकविले आणि ती मुले इतर मुलांच्या बरोबरीने परीक्षेत उतरली, तेव्हा लोकांनी त्यांची वाहवा केली. बाईंना मात्र वेगळाच प्रश्न पडला. ही मुले इतके करू शकतात, तर निरोगी मुले आमच्या शाळांत मागे का पडतात? त्याचा शोध घेण्याची संधी त्यांना सान लोरेन्झोत मिळाली. ६ जानेवारी १९०७ रोजी तेथील एका इमारतीत तीन ते सहा वर्षांच्या सुमारे पन्नास मुलांसाठी एक जागा उघडण्यात आली. तिचे नाव ‘शाळा’ असे नव्हते. ‘कासा देई बांबिनी’, म्हणजे ‘मुलांचे घर’ असे होते.

या नावाप्रमाणेच तेथील सामानही होते. त्या काळी युरोपातील शाळांत जमिनीला जखडलेली बाके असत. मुलाचा कणा वाकू नये म्हणून त्याच्या पायाची लांबी मोजून बाके करण्याचे मोठे शास्त्रही निघाले होते. माँटेसरीबाईंनी ती बाके नाकारली. चार वर्षांच्या दोन मुलांना उचलून नेता येतील अशी हलकी टेबले त्यांनी करविली. बुटक्या खुर्च्या करविल्या, हात धुण्यासाठी मुलांचे हात पोहोचतील अशी जागा केली, फळा खाली आणला. भिंतीवर मुलांची, घरांची आणि जनावरांची चित्रे लावली. आणि त्यांत राफाएल या चित्रकाराचे खुर्चीवर बसलेल्या मातेचे व तिच्या कुशीतील बालकाचे चित्र आवर्जून लावले.

हलकी खुर्ची धक्का लागताच पडेल, आवाज होईल, काचेची भांडी मुलांच्या हातून फुटतील, असा आक्षेप तेव्हाही घेण्यात आला. बाईंचे उत्तर विचार करण्याजोगे आहे. बाक जखडलेले असले म्हणजे मुलाच्या हालचालीतील धसमुसळेपणा दिसत नाही इतकेच. तो जात मात्र नाही. खुर्ची पडली की ती मुलाला स्वतःच सांगते, ‘तू जपून चालला नाहीस.’ दुसऱ्या दिवशी मूल जपून चालते. शिक्षकाच्या दहा दटावण्यांनी जे होत नाही, ते एक पडणारी खुर्ची करते.

आता त्या कपाटाविषयी. आरंभी तेथील साधने एका कपाटात कुलूपबंद असत. शिक्षिका ती मुलांना वाटून देई, काम संपले की गोळा करून परत कुलूप लावी. एके दिवशी ती कुलूप लावावयास विसरली आणि सकाळी तिला येण्यासही उशीर झाला. येऊन पाहते तो कपाट उघडे, काही मुले त्यापाशी उभी आणि काही साधने घेऊन चाललेली! तिला ती चोरी वाटली. माँटेसरीबाईंना मात्र त्यात निराळेच काही दिसले. कोणती वस्तू कोठे असते आणि आपणास काय हवे, हे या मुलांना ठाऊक आहे. मग ती वाटून देणारे आपण कोण? त्यानंतर उंच कपाटाच्या जागी बुटकी, उघडी कपाटे आली. मुलाने हवी ती वस्तू घ्यावी, काम करावे आणि ती जागच्या जागी ठेवावी, ही रीत पडली. आज जगभर बालवर्गांत जी बुटकी मांडणी दिसते, तिच्यामागे त्या विसरलेल्या कुलपाची गोष्ट आहे.

तेथेच आणखी एक घटना घडली. बाईंनी खरखरीत पॉलिश पेपरची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटविली होती. मुले त्यांवरून बोट फिरवीत आणि त्या अक्षराचा उच्चार करीत. डिसेंबरातील एका उबदार दिवशी गच्चीवर बसले असता बाईंनी पाच वर्षांच्या एका मुलाला खडू देऊन धुराड्याचे चित्र काढावयास सांगितले. त्याने चित्र काढले. पुढे खडूने एक शब्द लिहिला, मग दुसरा, मग तिसरा. आणि ‘मला लिहिता येते!’ म्हणून तो ओरडत सुटला. त्याला कोणी लिहावयास शिकविले नव्हते. त्याचे बोट शिकले होते.

श्रोतेहो, हे ऐकताना आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना धुळपाटीची आठवण झाली असेल. फळीवर बारीक धूळ पसरून तीवर बोटाने अक्षरे गिरविण्याची चाल आपल्याकडे होतीच. आरंभीच्या शिक्षणाला आपण ‘धुळाक्षरे’ म्हणतो ते त्यावरूनच. डोळ्यांच्या आधी बोटाला अक्षर कळते, हे आपल्या पंतोजींना अनुभवाने माहीत होते. तसेच भातुकलीचे. मुलीच्या मुठीत मावेल एवढे जाते, चूल आणि बोळकी करणाऱ्यांना मुलाच्या उंचीचे जग कसे असावे हे उमगलेले होते. फरक एवढाच की आपण ते खेळापुरते ठेविले. खऱ्या घरात मात्र देवळी, फडताळ, खुंटी सारे मोठ्यांच्या हाताला येईल असेच राहिले.

हा नवा विचार आपल्या भागात आला तो भावनगरमार्गे. गिजुभाई बधेका हे वकिली करणारे गृहस्थ. मुलगा झाल्यावर त्याला कसे वाढवावे या चिंतेने ते माँटेसरीबाईंच्या लिखाणाकडे वळले, वकिली सोडली आणि १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. गुजरातेत लोक त्यांना कौतुकाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशाळ आई म्हणत. त्यांच्या कार्याला येऊन मिळाल्या त्या मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, आणि ताराबाईंनी मराठी ‘शिक्षणपत्रिके’तून हा विचार आपल्या घरांपर्यंत आणला. माँटेसरीबाई स्वतः १९३९ साली मद्रासजवळ अड्यार येथे शिक्षकांचे वर्ग घेण्यास आल्या. पुढे महायुद्धात इटली उतरल्यामुळे त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या आणि कित्येक वर्षे त्यांना याच देशात काढावी लागली.

परंतु ताराबाईंपुढे एक अडचण होती. रोममधील साधने सुताराकडून मापात करवून घ्यावी लागत. ती महाग पडत. खेड्यातील आईने ती कोठून आणावीत? १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या साथीला आल्या. तेथे शंख, शिंपले, बिया, खडे, पाने, माती हीच साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायाच मुलांच्या वस्तीवर गेल्या आणि घरापुढचे अंगण झाडून तेथेच वर्ग भरविला. त्या प्रयोगाला नाव पडले अंगणवाडी. १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच ‘अंगणवाडी’ नाव मिळाले. आज ते नाव देशाच्या कानाकोपऱ्यात आहे.

या सर्व हकिकतीतून मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. मुलाची खोली म्हणजे मुलासाठी रंगविलेली खोली नव्हे. मूल जेथे मोठ्यांना हाक न मारता काही करू शकते, ती मुलाची खोली. कोसबाडच्या मुलांना खोली नव्हती, पण हात पोहोचेल तेथे बिया आणि शिंपले होते. बाळूला खोली होती. हात मात्र पोहोचत नव्हता.

ज्यांच्या घरी दोनच खोल्या आहेत त्यांनी म्हणूनच खंत करू नये. एक कोपरा पुरे. त्यात मुलाच्या खांद्याइतक्या उंचीवर खुंटी ठोकावी, म्हणजे दप्तर आणि सदरा ते स्वतः अडकवील. जमिनीलगत एक उघडी फळी असावी, तीवर चारपाचच वस्तू असाव्यात आणि आठवड्याने त्यांतील एकदोन बदलाव्यात. ढीग घातला की मूल निवड करीत नाही, उपसाउपस करते. चित्र मुलाच्या डोळ्यांसमोर येईल इतके खाली लावावे. एक लहान फडके आणि एक लहान केरसुणी द्यावी. सांडलेले पुसण्याचे काम मुलाला शिक्षा वाटत नाही, आपण ते तसे करतो. आणि पुस्तक फाटले, तर खळ घेऊन मुलाबरोबर बसून चिकटवावे.

सान लोरेन्झोच्या त्या घरात आईसाठीही नियम होते, आणि ते भिंतीवर लावलेले असत. फी नव्हती, पण मूल स्वच्छ करून पाठवावे आणि आठवड्यातून एकदा तरी शिक्षिकेला भेटून मुलाविषयी बोलावे, ही अट होती. घर आणि शाळा यांच्यामध्ये भिंत असू नये, हाही त्या प्रयोगाचा अर्धा भाग आहे, आणि आपण बहुधा तो विसरलो आहोत.

आता माझ्या कपाटाचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. शाळेच्या शेवटच्या अर्ध्या तासाला मी ते उघडे ठेवू लागलो. पहिल्या आठवड्यात रंगीत खडूंचा चुरा झाला, दोन पाट्या फुटल्या आणि माझा धीर सुटत आला. किल्ली पुन्हा खिशात घालण्याचा मोह मला एकदा नव्हे, अनेकदा झाला. तिसऱ्या आठवड्यात, कोणी सांगितले नसता, एक मुलगी ठोकळे आकाराप्रमाणे लावून परत ठेवीत होती. ते पाहावयास मी बाळूच्या वडिलांना वर्गात बोलाविले. ते बराच वेळ दारात उभे होते. निघताना त्यांनी मला एकच विचारले, ‘‘सर, फळी जमिनीपासून किती उंच ठोकू?’’

मी म्हटले, ‘‘माप माझ्याकडे नाही. बाळूला भिंतीशी उभे करा, आणि त्यालाच हात लांब करावयास सांगा.’’