वहीपासून विदागारापर्यंत : बेंगळुरूची वाटचाल

दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने वही म्हणजे पेढीची पत. लिहिलेले मोडायचे नाही, हा तिचा धर्म. मात्र वही एका वेळी एकाच गादीवर उघडते; हजार ठिकाणांहून हजार माणसांना ती एकाच क्षणी पाहता येत नाही. ही मर्यादा ओलांडण्याच्या प्रयत्नांत बेंगळुरूचा वाटा मोठा आहे.

शहाजीराजांच्या जहागिरीमुळे हे शहर मराठी मनाला परके नाही. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसने १९८३ मध्ये आपले बिऱ्हाड येथेच हलविले. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने येथे केंद्र उघडले आणि उपग्रहाद्वारे ते परदेशाशी जोडले. तत्पूर्वी १९७० मध्ये आयबीएमचे एडगर कॉड यांनी माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांत मांडण्याची कल्पना मांडली होती. आजची बहुसंख्य व्यापारी विदागारे याच पायावर उभी आहेत.

या तंत्राचा सामान्य माणसाशी संबंध कसा आला, हे एका दिवाळीच्या प्रसंगातून कळते. २००५ मध्ये बेंगळुरूत नोकरी करणारे फणींद्र सामा यांना सणासाठी घरी जाण्यास बसचे तिकीट मिळाले नाही. त्या काळी खासगी बसच्या जागा दलालांमध्ये वाटलेल्या असत आणि विचारणा दूरध्वनीवर चाले. त्यामुळे एका दलालाकडे जागा रिकामी राही, तर दुसऱ्याकडून प्रवासी निराश होऊन परते. उणीव गाड्यांची नव्हती. सामाईक नोंदीची होती. २००६ मध्ये सामा यांनी चरण पद्मराजू व सुधाकर पसुपुनुरी यांच्यासह ‘रेडबस’ सुरू केली.

अशा व्यवस्थेचे मर्म ‘व्यवहार’ या संकल्पनेत आहे. जागा राखणे आणि पैसे स्वीकारणे या दोन्ही नोंदी एकत्र पूर्ण होतात, अथवा दोन्ही रद्द होतात. एकच आसन दोघांनी एका क्षणी मागितले, तरी ते एकालाच मिळते. वहीचा धर्म येथे यंत्राने पाळला.

२००७ मध्ये याच शहरात सचिन बन्सल व बिन्नी बन्सल यांनी पुस्तकविक्रीपासून ‘फ्लिपकार्ट’चा आरंभ केला. कार्ड वापरण्यास कचरणाऱ्या ग्राहकांसाठी २०१० मध्ये वस्तू हाती आल्यावर पैसे देण्याची सोय झाली. परंतु ६ ऑक्टोबर २०१४ च्या महाविक्रीत ग्राहकांच्या लोटापुढे संकेतस्थळ अडखळले, काही मागण्या रद्द झाल्या आणि संस्थापकांनी ग्राहकांची जाहीर क्षमा मागितली. मालाइतकीच नोंदव्यवस्थाही भक्कम हवी, हा धडा त्यातून मिळाला.

पुढे मोबाइलने दुकानाचा उंबरठाच खिशात आणला. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते ‘यूपीआय’चे उद्घाटन झाले. निरनिराळ्या बँकांच्या खातेवह्या त्याने एका सामाईक सेतूने जोडल्या. बेंगळुरूच्या ‘फोनपे’सारख्या कंपन्यांनी तो सेतू भाजीवाल्याच्या हातगाडीपर्यंत पोहोचविला.

प्रत्येक नोंदीबरोबर माणसाची ओळखही विदागारात साठत जाते. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला. त्याचे तंत्रज्ञान केंद्र मात्र बेंगळुरूत. आणि त्याच शहरातील निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये या योजनेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. त्यातूनच २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला.

ज्या शहराने नोंदी ठेवण्याची साधने घडविली, त्याच शहरातील एका वृद्ध नागरिकाने त्या नोंदींच्या मर्यादेचा प्रश्न विचारला. जुन्या पेढीवर ग्राहकाचे खाते तिऱ्हाइताला दाखवीत नसत. वहीचे रूप पालटले. तिची मर्यादा सांभाळण्याचे उत्तरदायित्व आज ही यंत्रणा घडविणाऱ्या आणि वापरणाऱ्या पिढीकडे आले आहे. शाळेच्या बाकांवर आज आकडेमोड शिकणारी मुले उद्या त्याच पिढीत असतील.