मुळशीचे गवत आणि जीवदयेचे खाते

जैन समाजाच्या बहुतेक संस्थांच्या जमाखर्चात ‘जीवदया’ हे स्वतंत्र खाते असते. पर्युषण पर्वात त्यात भर पडते आणि ती रक्कम पांजरपोळांकडे जाते. मुंबईत १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात पांजरपोळ उभी राहिली. पुढे अशा अनेक संस्था निघाल्या. दात्यांची नावे तेथील पाट्यांवर कोरलेली आहेत. परंतु गाय पैसा खात नाही, गवत खाते. ते गवत कसे उगवते आणि कोण कापते, हा इतिहास आपल्याकडे क्वचितच लिहिला जातो. आपला मुळशी तालुका त्यासाठी दूर नाही.

ताम्हिणीच्या बाजूला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. खाचरांत भात आणि वरकस उतारांवर गवत, अशी येथील शेतीची जुनी वाटणी. पावसाळाभर जनावरे गोठ्यात बांधलेली. म्हणून वैरण आदल्या हिवाळ्यातच साठवावी लागे. कापणीची वेळ साधणे हे खरे कौशल्य. पाऊस थांबण्याआधी कापले तर गवत कुजते. फार पिकू दिले तर कस उतरतो, आणि कुसळीसारख्या गवताची कुसळे जनावरांच्या तोंडात रुततात. त्यामुळे दसरा-दिवाळीपासून विळे चालू होत. पेंढ्या उन्हात वाळवून, भारे डोक्यावरून उतरवून गंजी रचली जाई. तिचा माथा निमुळता, म्हणजे पाणी ओघळून जाते. ओल राहिली तर गंजी आतून तापते व बुरसते. उरलेल्या गवताने घरे शाकारली जात.

कापणीचा भर चातुर्मास संपताना येतो, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. हिरवे गवत हा वनस्पतिकाय जीव. वाळलेले गवत अचित्त. विहारास निघालेल्या साधूंच्या संस्तारकास तेच चालते, आणि तत्त्वार्थसूत्रातील बावीस परीषहांत ‘तृणस्पर्श’ही मोजला आहे.

गंजीला खरे भय अग्नीचे. शिवछत्रपतींनी १६७० च्या दशकात चिपळूणकडील छावणीतील जुमलेदारांना पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळा पुरेल अशा बेताने गवत वापरा, नाहीतर रयतेला त्रास होईल, असे त्यात बजावले आहे. आणि कोणाच्या चुलीतून, गुडगुडीतून वा उंदराने ओढून नेलेल्या दिव्याच्या वातीतून गवत पेटले तर घोडी मरतील, हेही. राज्यकर्त्याने गवताचा इतका बारीक विचार केल्याची उदाहरणे थोडी.

मुळशीत मात्र काही गवत मुद्दाम जाळले जाई. पाऊस येण्यापूर्वी भाताच्या रोपवाटिकेवर शेण, पालापाचोळा व गवत पसरून भाजणे, यास ‘राब’ म्हणतात. तणांचे बी जळते, रोप जोमदार येते. श्रावकाला वर्ज्य पंधरा कर्मादानांत दावाग्निदान येते, म्हणून आपल्या वाचकास येथे अडखळल्यासारखे वाटेल. प्रस्तुत लेखकास राब आणि वणवा एका पारड्यात घालणे अन्यायाचे वाटते: एक हाताच्या मापाने लावलेला, दुसरा निष्काळजीपणाचा.

१९२१ साली टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पां. म. बापट ‘सेनापती’ झाले ते येथेच. तरीही धरण झाले आणि खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली. भातखाचरे बुडाली, त्यांबरोबर गोठ्यांचा हक्काचा पेंढाही गेला. भरपाईचे हिशेब जमिनीचे झाले. उन्हाळ्यातील वैरणीचे मोल त्यांत कोठे बसावे?

आता याच तालुक्यात हिंजवडीची संगणक-उद्याने आहेत आणि अनेक उतारांवर फार्महाऊसची कुंपणे. पुष्कळ घरी बैलजोडी राहिली नाही. गवत मात्र पूर्वीसारखेच वाढते, उभेच वाळते, आणि फाल्गुन-चैत्रात वणव्यात जाते. त्यात जमिनीवरची घरटी, सरडे, कीटक किती होरपळतात, याची मोजदाद नाही. इकडे पांजरपोळांसाठी वैरण विकत घेतली जाते. जीवदयेच्या खात्यातून चाऱ्याच्या किमतीबरोबर या डोंगरांवरील कापणीची मजुरी आणि वाहतूक देता येईल काय, याचा विश्वस्तांनी जरूर विचार करावा. मालकांची संमती आधी घ्यावी लागेल, कारण कार्तिकी पौर्णिमेनंतर चांगले गवत हाती लागण्यास जेमतेम महिनाभर मिळतो.