ओपनहायमर आणि केहिमकर

ओपनहायमर हे नाव सिनेमामुळे घराघरांत पोचलं, तेव्हा माझं लक्ष त्यातल्या शेवटच्या ‘-अर’वर अडलं. ऱ्हाइन नदीच्या काठी ओपनहाइम नावाचं गाव आहे. जर्मनमध्ये गावाच्या नावाला हा ‘-अर’ लावला की त्या गावचा माणूस होतो. म्हणजे अणुबॉम्बवाल्या त्या शास्त्रज्ञाचं आडनाव मराठीत सांगायचं तर ओपनहाइमकर!

गंमत पुढेच आहे. त्यांचे वडील ज्युलियस जन्मले हानाऊला. तिथून ते १८८८ साली न्यूयॉर्कला गेले. आडनावातलं गाव घराण्याने त्याच्याही आधी कधीतरी सोडलेलं. अमेरिकेतल्या जर्मन घराण्यांची मुळं शोधणारा माणूस पहिल्यांदा चकतो तो इथेच.

आपला ‘-कर’ अगदी तसाच वागतो. पेणमध्ये पेणकर म्हणून कुणाला ओळखणार? तिथे सगळेच पेणचे. तोच माणूस पुण्यात बिऱ्हाड थाटतो, आळीत लोक ‘ते पेणकर’ म्हणू लागतात आणि दोन पिढ्यांत नाव पक्कं होतं. (पुणेकर मात्र पुण्यात राहूनच पुणेकर म्हणवतात; तो अभिमानाचा शब्द, आडनाव म्हणून तो दुसऱ्या गावीच शोभतो.) आडनावातला ‘आड’ही आडवाट, आडगाव यांतलाच: मुख्य नावाच्या बाजूला उभं असलेलं नाव. त्या बाजूच्या नावात बहुतेक वेळा सोडलेलं गाव दडलेलं असतं.

हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते बेने इस्रायलींत, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंत. पुण्यात रास्ता पेठेत त्यांचं सिनेगॉग आहे. हे लोक शतकानुशतकं कोकणात तेल गाळत राहिले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. त्यांची आडनावं वाचत गेलं की अलिबाग, पेण, रोहा हा सगळा मुलूख डोळ्यांपुढे उभा राहतो: पेणकर, रोहेकर, झिराडकर, नागावकर. चौलचे ते चेऊलकर. आज आपण चौल म्हणतो, पण आडनावाने जुना उच्चार जपून ठेवला आहे. या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून काढणारे हाईम सॅम्युएल केहिमकर म्हणजे किहीमचे. तो ग्रंथ छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवला. लेखकाचं आडनाव किहीमचं आणि पुस्तक तेल अवीवचं!

परमुलखात नावं बदलतातही. जर्मन म्यूलर अमेरिकेत मिलर झाला, श्मिट झाला स्मिथ. अर्थ टिकला, रूप गेलं. बेने इस्रायलींच्या नावांनी कोकणात उलटा प्रवास केला होता, अर्थ गेला, नाद राहिला: अब्राहमचा आबाजी, मोझेसचा मुसाजी, सॅम्युएलचा समाजी. पुढे इंग्रजी अमदानीत पुष्कळांनी ‘-कर’ सोडून वडिलांचं किंवा आजोबांचं हिब्रू नावच आडनाव म्हणून लावलं. मला याची फार हळहळ वाटते. धर्माची ओळख ठळक झाली खरी, पण गावाचा धागा तिथेच तुटला.

गेल्या हिवाळ्यात इस्रायलहून आलेली एक मुलगी मोडीतला एक कागद वाचून घ्यायला माझ्याकडे आली होती. घडीवर विरलेली, शाई तपकिरी पडलेली एका जुन्या पावतीची नक्कल. ‘‘काका, यात सॅम्युएल कुठे आहे का, तेवढं बघा,’’ ती म्हणाली. मराठी घरात ऐकलेली, थोडी अडखळती, पण गोड. सॅम्युएल कुठेच नव्हता. समाजी मात्र तीनदा होता आणि तिसऱ्या वेळी त्याच्यापुढे, अक्षराला अक्षर जोडून ओढलेल्या ओळीत, एका गावाचं नाव आणि ‘कर’. तिच्या घरात हे आडनाव कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने ते गाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, हिब्रूत लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्वारगेटहून अलिबागची एसटी धरली.