माहेरच्या पायऱ्या

आम्ही धुळ्याकडचे. आमचं कुलदैवत वणीच्या गडावरची सप्तशृंगी. चैत्रात रामनवमी जवळ आली की आमच्या भागातून पायी जाणाऱ्यांच्या रांगा लागतात. मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी आणि मग गड. मी पहिल्यांदा गेलो तो १९७३ च्या चैत्रात. बाहत्तरच्या दुष्काळात विहीर आटली होती, बाप आणि माय दोघंही खडी फोडायला जात होते. अशा साली माय म्हणाली, गडाला जायचं. तेरा वर्षांचा मी, डोक्यावर भाकरीचं गाठोडं. चार मुक्काम पडले.

नांदुरीपासून घाट चढून गेलं की गडावरचं गाव लागतं. तिथून वर देवीपर्यंत पाचशेच्या आसपास दगडी पायऱ्या. पहिल्या पायरीवर मायनं पदर डोक्यावरून घेतला, वाकली, पायरीला हळदकुंकू लावलं. मग दुसरीला, तिसरीला. प्रत्येक पायरीला. मला भूक लागली होती, चिडचिड होत होती. मी म्हणालो, देवी वर आहे, पायरीला काय लावतेस? ती म्हणाली, "ज्या बाईनी ह्या पायऱ्या बांधल्या ती आपल्याकडचीच लेक होती."

ती बाई कोण, हे तिला सांगता येत नव्हतं. मला कळलं फार उशिरा, तालुक्याच्या वाचनालयात. उमाबाई दाभाडे. अभोण्याच्या ठोके देशमुखांची लेक, तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांना दिलेली. अभोणं म्हणजे कळवण तालुका, गडाच्याच कुशीतलं गाव. १७१० साली तिनं या पायऱ्या बांधून घेतल्या. पुढं १७१७ मध्ये शाहू महाराजांनी खंडेरावांना सेनापती केलं. १७२९ ला नवरा गेला. १७३१ ला डभईच्या लढाईत बाजीराव पेशव्यांच्या फौजेशी लढताना थोरला मुलगा त्र्यंबकराव पडला. तरी ती खचली नाही, पुढच्याच वर्षी फौज घेऊन अहमदाबादेवर गेली. इतिहासात तिचं नाव येतं ते असं, लढाईमुळं. पण आमच्या बायकांनी तिला लढाईसाठी लक्षात ठेवलं नाही. सासरी गेलेली लेक माहेरच्या देवीला विसरली नाही, एवढंच त्यांनी धरून ठेवलं. नाव गेलं, पायऱ्या राहिल्या.

मायचं माहेरही कळवणकडचंच. माझा आजा १९७८ ला वारला. वर्षभरात मामा आले, मायला तालुक्याला घेऊन गेले आणि हक्कसोडीच्या कागदावर तिचा अंगठा घेतला. परतताना नवं लुगडं दिलं. दोन वर्षं भाऊबीजेचं बोलावणं आलं, तिसऱ्या वर्षी आलं नाही. मग कधीच आलं नाही. पण माय दर चैत्राला गडावर जायची. दर्शन झालं की उत्तरेकडच्या कठड्याशी थांबायची. तिथून तिचं गाव दिसत होतं की नाही, मला माहीत नाही. ती मात्र त्या बाजूला बघून हात जोडायची.

आता सांगायला जड जातं, पण सांगितलं पाहिजे. माझा बाप १९९५ ला गेला. सत्त्याण्णवला मी बहिणीला घरी आणलं, पुरणपोळीचं जेवण घातलं आणि दुसऱ्या दिवशी तिची सही घेतली. सगळे तसंच करतात, असं मला वाटत होतं. माय चुलीपाशी बसून होती. एक शब्द बोलली नाही. त्या चैत्रात पायऱ्या चढताना मी तिला म्हटलं, आता वय झालं, हळदकुंकू नको लावू, कंबर दुखेल. ती खालच्याच पायरीवर बसली आणि म्हणाली, "आते मनं माहेर आठेच शे. तुनी बहीणनं कोठे शे?"

माझं माहेर आता इथंच आहे. तुझ्या बहिणीचं कुठं आहे? मी पुढं चालू लागलो.

पुढं मायचे गुडघे गेले. बरीच वर्षं ती नांदुरीच्याही पुढं गेली नाही. २०१८ मध्ये गडावर रुळांवरून चढणारी ट्रॉली सुरू झाली तेव्हा मी तिला घेऊन गेलो. काही मिनिटांत वर. ऐंशी ओलांडलेली बाई देवीपुढं उभी राहिली, अठरा हातांची ती उंच मूर्ती, शेंदराने भरलेली, मान जराशी कललेली. दर्शन घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, पायऱ्या राहून गेल्या. २०२० च्या थंडीत ती गेली.

२०२२ मध्ये मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर काढला, आतली मूळ दगडी मूर्ती उघडी झाली आणि घटस्थापनेला दर्शन सुरू झालं. पुढच्या चैत्रात मी बहिणीला फोन केला. गडाला येतेस का? ती आली. ट्रॉलीच्या रांगेत उभं न राहता आम्ही पहिल्या पायरीकडं गेलो. तिनं पिशवीतून हळदकुंकवाची डबी काढली. मायची होती. मी तिच्या मागं मागं चढत राहिलो, पाणी धरून.

वर गाभाऱ्यात ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "दादा, ही वेगळीच दिसते. मायनं पाहिली ती ही नव्हे." मी म्हणालो, तीच आहे, वरचं निघालं फक्त. एवढं बोलून माझाच गळा दाटला. बाहेर आल्यावर कठड्याशी मी तिला म्हटलं, विहिरीकडची दोन एकर तुझ्या नावावर करतो. मला वाटलं, ती नको म्हणेल. बहिणी नको म्हणतात, आपण सुटतो.

ती म्हणाली, "नको कशाला म्हणू? पण आधी दिवाळीला न्यायला ये."

त्या रात्री पौर्णिमा होती. दरेगावचे गवळी पाटील रीतीप्रमाणे शिखरावर ध्वज लावायला निघाले होते. खाली माणसांचा समुद्र मान वर करून उभा होता. आम्हीही उभे राहिलो.

दिवाळीला मी गेलो. बक्षीसपत्र झालं, फेरफारही झाला. सातबारावर आता तिचं नाव आहे. माय असती तर तिला वाचता आलं नसतं. पण मी बोट ठेवून दाखवलं असतं.