हाली, कलदार आणि मजुराचा पगार

पूर्णा हे जंक्शन आहे, एवढे मराठवाड्याबाहेरच्या माणसासही ठाऊक असते. येथे रूळ एकत्र येतात. पण एके काळी येथे दोन रुपयेही एकत्र येत, ही गोष्ट आता फारशी कोणाच्या स्मरणात नाही. मनमाड इंग्रजी मुलुखात. तिकडून येणाऱ्या उतारूच्या खिशात कलदार असे. स्टेशनाबाहेर मुलूख निजामाचा आणि शिक्काही त्याचाच, म्हणजे हाली. शंभर कलदारांस एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, असा ठरीव भाव. सोप्या हिशेबाने सहा कलदार म्हणजे सात हाली. रेल्वे वसाहतीतील वृद्ध मंडळी हा हिशेब आम्हांस बोटांवर करून दाखवीत. आमची शाळा लवकर सुटली. अर्थशास्त्राचा पहिला धडा आम्ही असा गिरविला.

हा सहा-सातचा भाव कोठून आला? हाली रुपयाचे वजन ११.१८ ग्रॅम, त्यात चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम. कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. भागाकार करून पाहावा. उत्तर जवळजवळ सहास सात असेच येते. म्हणजे भावाच्या मुळाशी धातू होता. मात्र १८९३ साली हिंदुस्थानच्या टांकसाळी खाजगी चांदीस बंद झाल्या आणि तेव्हापासून कलदाराची किंमत चांदीपेक्षा सरकारच्या शब्दावर अधिक चालू लागली. हैदराबादनेही पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, चांदीच्या टंचाईपायी आपल्या नोटा काढल्या. पुढे १९४० साली कलदारातील चांदी निम्म्यावर आली, १९४७ साली रुपया निकेलचा झाला. नाव तेच राहिले, आतली वस्तू बदलली.

आजकाल काही तरुण मित्र आम्हांस सांगतात की, चलन सरकारच्या हातून काढून घ्यावे, अनेक नाणी चालू द्यावीत, ज्यास जे पटेल ते त्याने घ्यावे. हायेक या पंडिताने १९७६ साली हाच विचार मांडला आणि २००९ साली निघालेल्या बिटकॉइनची संख्या तर २ कोटी १० लाखांवर कायमची बांधलेली आहे. विचार थोर आहे, त्याची टिंगल आम्ही करणार नाही. पण निजामाच्या मुलखाने तो प्रयोग आधीच भोगलेला आहे! १८५३ साली पहिले सालारजंग दिवाण झाले तेव्हा राज्यात जागोजागी टांकसाळी होत्या आणि त्यांपैकी कित्येक सावकारांच्या व संस्थानिकांच्या हाती होत्या. प्रत्येक नाण्याचा कस निराळा. कस पारखण्याची विद्या सराफापाशी, म्हणून बट्टाही त्याचाच. कुणब्याने धान्य विकून आणलेला रुपया सराफाच्या पाटावर पडला की हलका ठरे. निवड होती खरी, पण ती पारख करू शकणाऱ्याला. सालारजंगांनी मध्यवर्ती टांकसाळ करून हाली शिक्का रूढ केला, तो गरिबावर उपकारच झाला, असे आमचे मत आहे.

मग एक राज्य, एक शिक्का, एवढ्याने भागले काय? तेही नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजामाने भारताशी जैसे थे करार केला आणि त्यानंतर लवकरच त्याच्या सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातू बाहेर नेण्यास निर्बंध घातला, दुसऱ्याने भारताचे चलन संस्थानात बेकायदा ठरविले. याच सुमारास पाकिस्तानास २० कोटींचे कर्ज भारत सरकारच्या रोख्यांत देऊ केले. पैसा प्रजेचा होता, पण विचारले कोणाला? ज्या मुलखात सभा भरविण्यासही परवानगी लागे, तेथे रुपयाविषयी मत विचारण्याचा प्रश्नच नव्हता. जो शिक्का सराफाच्या बट्ट्यातून सोडविण्यास निर्माण झाला, तोच आता कुंपण झाला.

सप्टेंबर १९४८ मध्ये ते कुंपण पडले. १९५० साली भारताचा रुपया संस्थानात आला. सात हालींचे सहा रुपये हा हिशेब सरळ असला तरी आणे-पै मोडताना उरलेली पै कोणाच्या गल्ल्यात गेली, हे विचारल्यावर ती वृद्ध मंडळी नुसती हसत.

आता पैसा दिल्ली-मुंबईचा झाला. पण दूरच्या टांकसाळीचा अनुभव त्याआधीच येऊन गेला होता. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातील नोटा सहा पटींवर गेल्या, भाव दुपटीपलीकडे गेले. रेल्वे कामगारांच्या महागाई भत्त्यासाठी १९४० साली बी. एन. राव यांची चौकशी बसली, ती उगाच नव्हे. आमची चळवळ पुष्कळशी या भत्त्याभोवती वाढली आहे. भत्ता म्हणजे पगारवाढ नव्हे, हे आम्ही गेटसभेत दरवेळी सांगतो. नाण्यातून जे झिजले त्यातले थोडे परत मिळते, एवढेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली लंडनहून प्रसिद्ध केलेल्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात हे वर्म ओळखले होते. भाव चढतात तेव्हा मजुरी मागे राहते आणि व्यापाऱ्यास मिळणारा लाभ मजुराच्या ताटातून येतो. म्हणून चलन वाढविण्याचा अधिकार चालकांच्या मर्जीवर न सोडता त्यास पक्की मर्यादा घालावी, असा त्यांचा आग्रह होता. कामगारांच्या अभ्यासवर्गात हा ग्रंथ क्वचितच निघतो, याचे आम्हांस नवल वाटते.

मर्यादा नसली की काय होते? मे १९७४ मध्ये रेल्वेचा संप वीस दिवस चालून मोडला. जुलैत वटहुकूम निघाला आणि पगारदारांच्या वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीने ठेवीत जमा होऊ लागला. कारण दिले भाववाढ रोखण्याचे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. किमतीने पाहता देशातील ८६ टक्के रोख चलन ते. हमालाची मजुरी रोखीत, मुकादमाची उचल रोखीत. त्याला रांगेत उभे राहावयाचे तर त्या दिवसाचे काम बुडवावे लागे. बँकांकडे ९९ टक्क्यांहून अधिक नोटा परत आल्या, हे रिझर्व्ह बँकेनेच पुढे जाहीर केले.

त्याच २०१६ सालच्या एका दुरुस्तीने मात्र रिझर्व्ह बँकेस भाववाढीची मर्यादा कायद्याने घातली गेली. लक्ष्य चार टक्के, कमाल सहा. लागोपाठ तीन तिमाह्या ती ओलांडली गेल्यास बँकेने कारणे सरकारला लेखी कळवावीत. बाबासाहेबांच्या मर्यादेपुढे ही लेचीपेची, तरी मर्यादाच. २०२२ साली ती ओलांडली गेली. नोव्हेंबरमध्ये बँकेने नियमाप्रमाणे सरकारला पत्र लिहिले. भाजी, तेल, रॉकेल यांचे भाव ज्यांनी सोसले त्यांना ते वाचता आले नाही. पत्र त्या वेळी प्रसिद्धच केले गेले नाही.